स्टेशनपासून पाच मिनिटे

बेलवलीतून बदलापूर स्टेशनकडे चालत निघाले की वाटेतल्या सगळ्या फलकांवर एकाच माणसाने लिहिले असावे असे वाटू लागते. स्वप्नातले घर, निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून पाच मिनिटे. ही पाच मिनिटे पायी की रिक्षाने, सकाळी सातची की रात्री अकराची, हे विचारण्याची पद्धत नाही. हा मजकूर कोणीतरी पैसे घेऊन लिहिलेला असतो. आमच्या भागातली बरीच मुलेमुली आता हे काम करू पाहतात आणि मी कादंबऱ्या लिहितो म्हणून त्यांच्यापैकी काही सल्ला विचारायला येतात. शब्दांच्या चार युक्त्या मिळतील अशी त्यांची अपेक्षा असते. मी बँकेबद्दल बोलू लागतो, तेव्हा त्यांचा हिरमोड होतो.

पण जाहिरातीची खरी किंमत मला कळली ती घरकर्जाच्या टेबलापाशीच. अर्जदार कागदपत्रांबरोबर वर्तमानपत्रातले कात्रण आणत, घडी घालून, जपून ठेवलेले. करारनामा बहुतेकांनी वाचलेला नसे. कात्रण मात्र पाठ असे. 'साहेब, यात बाग लिहिली आहे', असे बोट ठेवून सांगत. पुढे कर्ज थकले, तर त्यांच्याच नावाची ताबा सूचनाही वर्तमानपत्रात येते. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले लागते. एकाच कुटुंबाबद्दलचे दोन मजकूर. पहिला लिहिणाऱ्याने दुसरा कधीतरी नीट वाचावा.

म्हणून जागा पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नये, आणि शक्य तर ती जुलैत पाहावी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याआधी २००५ चा २६ जुलै होताच. 'नदीकिनारी' हा शब्द आमच्याकडे कवितेत वापरावा. जाहिरातीत वापरण्यापूर्वी पुराची रेषा कुठवर आली होती, ते शेजारच्या चाळीत विचारावे. पाच मिनिटांचेही तसेच. घड्याळ लावून चाला. बारा लागली तर बारा लिहा. बदलापूर मुंबईपासून रेल्वेने ६८ किलोमीटर आहे, हे इथे घर घेणाऱ्याला ठाऊक असते. तो अंतराला भीत नाही, फसवणुकीला भितो.

आता कायदाही आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर रक्कम व्याजासह परत मिळते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत हवाच. तो बिल्डरने सांगितला तरी महारेराच्या नोंदीत स्वतः पाहून घ्यावा. एका कार्यालयात 'तुम्ही लिहा हो, वाचतो कोण' असे ऐकवले गेल्याचे एका मुलीने मला सांगितले. तिने ते काम सोडले. मला तिचे कौतुक वाटले, पण भाड्याची तारीख जवळ आलेली असताना काम सोडणे किती जड जाते हेही मी जाणतो.

एका शब्दावर किती भार असतो हे पाहायला लांब जायला नको. उल्हासनगरच्या मालावरच्या 'यूएसए' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा असल्याचा किस्सा आमच्या पिढीला पाठ आहे. खरेखोटे काहीही असो, तीन अक्षरांत याहून जास्त विक्री कोणी केली असेल असे वाटत नाही! डोंबिवलीत कारखाना असलेल्या विकोचे उदाहरण अधिक गंभीर. आपले उत्पादन सौंदर्यप्रसाधन नव्हे, असे त्यांची जाहिरात घराघरांत सांगत राहिली. प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हाच त्यांच्या उत्पादन शुल्काच्या खटल्यातला मुद्दा होता आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने लागला.

खरे दुखणे भाषेचे आहे. मराठी माणसाला हा धंदा नवा नाही, गिरगावात बी. दत्ताराम यांची जाहिरात संस्था १९०५ साली निघाली आणि अरुण कोलटकरांसारख्या कवीने कलादिग्दर्शक म्हणून याच क्षेत्रात नाव मिळवले. तरीही मराठी जाहिरात बहुधा शेवटी जन्मते. मूळ इंग्रजीत, मग हिंदी, आणि संध्याकाळी सहाला 'जरा मराठी करून टाका'. त्यातून 'घर, जे समजते तुमच्या गरजा' असली वाक्ये निघतात. असे मराठीत कोणती आई बोलते? 'हवा खेळती, पाणी दोन्ही वेळ, वाणी खालीच' हे बोलते. मूळ वाक्य बाजूला ठेवावे, विकणाऱ्याला नेमके काय सांगायचे आहे ते विचारावे आणि ते शेजारणीला सांगितल्यासारखे लिहावे. मग मोठ्याने वाचावे. जीभ अडखळली तिथे खोडावे. नुसते भाषांतर आता यंत्रही फुकटात करून देते. तेवढ्यावर पोट भरणार नाही.

सराव करायचा तर छोट्या जाहिरातींचा करावा. तिथे शब्दाला पैसे पडतात, म्हणून विशेषणे आपोआप गळतात. 'पश्चिमेस वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही.' 'लिफ्ट नाही' हे दोन शब्द पैसे मोजून छापणाऱ्याकडे लोक विश्वासाने फोन करतात.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. काम काय, किती वेळा बदलून द्यायचे, पैसे केव्हा, हे आधी लेखी घ्यावे. निम्मे आगाऊ घ्यावेत. नात्यातल्याकडून तर आवर्जून. बिल्डरने दिलेली माहिती त्याच्या सहीनिशी फाइलला लावावी. शेवटच्या प्रूफवर सही त्याची असावी, तुमची नव्हे. आणि छापायला जाण्यापूर्वी जाहिरातीतल्या क्रमांकावर स्वतः फोन लावून पाहावा. पलीकडचा माणूस लिहिल्याप्रमाणेच माहिती देतो की दुसरेच काही सांगतो, तेवढे ऐकून मगच मजकूर पाठवावा.