पटावरच्या प्रती

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत एखाद्या पुस्तकाच्या नावापुढे इवलीशी कट्यार छापलेली असते. घाऊक खरेदीचा वास आला, की ती उगवते. नोव्हेंबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प ज्युनियर यांचे ‘ट्रिगर्ड’ पहिल्या क्रमांकावर झळकले, ते ही कट्यार खोचूनच! पुस्तक बाजारात येण्याच्या आठवडाभर आधी रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने एका पुस्तकविक्रेत्या कंपनीला सुमारे ९४,८०० डॉलर मोजले होते. प्रती देणगीदारांसाठी होत्या, हा पक्षाचा खुलासा. असेल! पण देणगीदाराने पैसे पक्षाला दिले, की पुस्तकाला? शाळातपासनीस पटावरची नावे पाहून उठत नाही. बाकांवरची डोकी मोजतो, हे आम्हां मास्तरांना पुरते ठाऊक आहे.

आणि हा तपासनीस तरी कसा? २०१५ साली टेड क्रूझ यांचे पुस्तक याच वृत्तपत्राने घाऊक खरेदीच्या संशयावरून वगळले. प्रकाशकाने आरोप नाकारला, गिल्ला झाला, आणि पुढल्याच यादीत पुस्तक हजर! मग एकाला कट्यार नि दुसऱ्याला हद्दपारी, हे कोणत्या मापाने? ते माप वाचकांपुढे मांडा. गठ्ठ्याने गेलेल्या प्रती वजा करा, उरेल तो आकडा छापा, आणि मग खुशाल क्रमांक द्या.