जुन्या आवृत्त्यांचे वाली

लिनक्ससारखी मुक्त संगणकप्रणाली फुकट मिळते, म्हणून ती सांभाळणारानेही फुकटच राबावे, असा सोयीचा समज आपल्या सुशिक्षित मंडळींत रूढ आहे. मला तो मान्य नाही. नवी आवृत्ती घडविण्यास उत्साही हात पुष्कळ मिळतात. जुनीतील सुरक्षेची छिद्रे बुजविणे मात्र निरस आणि नाव न होणारे काम; नव्यासाठी लिहिलेली दुरुस्ती जुन्या संहितेत बसेल अशी पुन्हा बेतावी लागते, तपासावी लागते. रेड हॅट व फेडोराच्या जुन्या आवृत्त्यांसाठी 'फेडोरा लेगसी' हा स्वयंसेवकांचा उपक्रम निघाला. २००६ मध्ये हात अपुरे पडून तो बंद झाला. त्यांची निष्ठा काय कमी होती? उलट डेबियनने २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांचे आयुष्य पाच वर्षांपर्यंत नेले, ते वापरणाऱ्या संस्थांनी पैसे भरले आणि राबणाऱ्यांना तासांप्रमाणे मोबदला मिळाला म्हणून. (मोबदल्यावरून तेथेही २००६ साली कडाक्याचा वाद झाला होता!)

सेवाभावाचे गोडवे गाणाऱ्यांनी आपल्याच धार-देवासच्या संस्थानी काळाकडे पाहावे. देवस्थानांना इनामे होती. नंदादीपाचे तेल पुजाऱ्याच्या भक्तीवर सोडलेले नव्हते. 'एक्सझेड' हे साधन एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतनीस म्हणून शिरलेल्याने त्यात चोरवाट बसविली, ती २०२४ मध्ये उघडकीस आली.

सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. जुन्या यंत्रांवर अशा प्रणाली चालविणाऱ्या शाळांनी व वाचनालयांनी अंदाजपत्रकात यासाठी रक्कम धरावी. ती लहान चालेल; दरसाल हवी.