दिवाणखाना आणि गच्ची

पगारदार माणसाच्या आयुष्यात घर घेणे, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल मोठा खर्च कोणता, असे विचारले तर आज त्याचे उत्तर ‘घराचे नूतनीकरण’ असेच द्यावे लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोणत्याही मध्यमवर्गीय वसाहतीतून फेरफटका मारावा. जिन्याच्या तोंडाशी फरशीची खोकी, प्लायवूडच्या फळ्या आणि जुन्या गिलाव्याच्या राबिटाची पोती हमखास दिसतील. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पतपेढीचे कर्ज, निवृत्तीच्या वेळी हाती आलेला पैसा यांचा बराच भाग या वाटेने जातो. या खर्चाची चर्चा मात्र रंगसंगती आणि फर्निचर यांपलीकडे क्वचितच जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती जावयास हवी; कारण जेथे समाजाची बचत खर्ची पडते, तेथे त्या खर्चातून नेमके काय निर्माण होते आणि काय निसटते, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घर नीटनेटके व देखणे असावे ही इच्छा क्षुद्र नाही. घरातील काही बदलांनी तर आपल्याकडे शांतपणे सामाजिक क्रांती घडविली आहे. जमिनीवरच्या चुलीपुढे किंवा स्टोव्हपुढे बसून, धूर सोसत, उठबस करीत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला उभ्याचा ओटा मिळाला, ओट्यालगत नळ आला, शौचकूप चाळीच्या टोकाकडून घराच्या आत आले. या फेरफारांनी कमी केलेले कष्ट कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात दिसत नाहीत, पण ते खरे आहेत. म्हाताऱ्या आईसाठी न्हाणीघरात आधाराची दांडी बसविणे आणि निसरडी फरशी बदलणे ही चैन नव्हे. तेव्हा येथे आक्षेप आहे तो नूतनीकरणाच्या अग्रक्रमावर, नूतनीकरणावर नव्हे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील प्रत्येक सदनिका वस्तुतः दोन भागांची बनलेली असते. एक भाग उंबरठ्याच्या आतला. त्यावर मालकाचे पूर्ण स्वामित्व असते आणि त्याचे प्रतीक म्हणजे दिवाणखाना. दुसरा भाग उंबरठ्याबाहेरचा: गच्ची, बाहेरच्या भिंती, खांब, तुळया, सांडपाण्याचे नळ, पाण्याची टाकी. हा भाग सर्वांचा असतो, म्हणजे व्यवहारात कोणाचाच नसतो. पाहुणा दिवाणखान्यात बसतो. गच्चीवर कोणी पाहुण्याला नेत नाही. म्हणून दिवाणखान्यावर तीन-चार लाख रुपये हसतमुखाने खर्च होतात आणि गच्चीच्या दुरुस्तीसाठी डोईवर दहा हजारांची वर्गणी निघाली की सर्वसाधारण सभेत रणकंदन माजते. गाल्ब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली अमेरिकेविषयी लिहिताना खासगी समृद्धी आणि सार्वजनिक दैन्य यांच्या विसंगतीवर बोट ठेवले होते. ती विसंगती पाहण्यास आता अमेरिकेस जाण्याचे कारण उरलेले नाही. आपल्या इमारतीचा जिना चढला म्हणजे पुरे.

या दुर्लक्षाचे परिणाम केवळ सौंदर्याचे असते तर प्रश्न एवढा गंभीर नव्हता. परंतु सिमेंट काँक्रीटच्या इमारतीचा खरा शत्रू पाणी आहे. गच्चीच्या कोब्याला पडलेल्या भेगांतून किंवा फुटक्या नळातून ते आत झिरपते आणि सळयांपर्यंत पोहोचते. सळई गंजते; गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो; त्या फुगवट्याने काँक्रीटला तडे जातात; तड्यांतून अधिक पाणी आत शिरते. हे चक्र एकदा सुरू झाले की दरवर्षी दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. छतावरचा ओलसर डाग आणि तुळईवरची बारीक चीर या या रोगाच्या पहिल्या सूचना होत. आणि नेमके येथेच सजावटीचे आजचे प्रकार घातक ठरतात. छताखाली दुसरे खोटे छत टांगले, भिंतींना लाकडी पत्रे ठोकले, की डाग व चीर दोन्ही दृष्टीआड होतात. रोग बरा झालेला नसतो, फक्त लक्षण झाकलेले असते.

याहून पुढची पायरी म्हणजे इमारतीच्या हाडामासालाच हात घालणे. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसविण्याची पद्धत सोयीची वाटते. पण इंचभर मसाला आणि त्यावरची फरशी मिळून दर चौरस मीटरला सुमारे ७० ते ८० किलो वजन वाढते. पन्नास चौरस मीटरच्या घरात ते साडेतीन-चार टनांवर जाते. निवासी इमारतीचा आराखडा करताना माणसे व सामानसुमान यांच्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या ‘सोयी’चे मोल कळते. एका घराने असे केले तर इमारत ते सोसते. सर्वांनी केले तर तिने कोणाकडे दाद मागावी? स्वयंपाकघर व दिवाणखाना एक करण्यासाठी मधली भिंत पाडणे, न्हाणीघर फोडताना त्याचा जलरोधक थर उखडणे, नळ्या लपविण्यासाठी तुळईला खाच पाडणे हे प्रकार सर्रास चालतात.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. एकाच्या जागेतील फेरफार हा त्याचा खासगी प्रश्न नसतो, हे सांगण्यास याहून दारुण उदाहरण नको.

असे असूनही शहाणीसुरती, शिकलेली माणसे गच्चीकडे पाठ का फिरवितात? त्यांच्या स्वभावाला दोष देणे सोपे आहे. पण कारण व्यवस्थेत आहे. मन्सर ओल्सन याने १९६५ साली दाखवून दिले की लाभ सर्वांना मिळणार असेल तर प्रत्येकाला खर्च दुसऱ्याने करावा असे वाटते, आणि शेवटी तो कोणीच करीत नाही. तळमजल्यावरील सभासद म्हणतो, गच्ची गळते ती माझ्या डोक्यावर नाही. वरच्या मजल्यावरील सभासद म्हणतो, तळाशी तुंबलेल्या गटाराचा मला उपद्रव नाही. दोघांचेही म्हणणे तर्कशुद्ध आहे, आणि दोघांच्या तर्कशुद्धतेतून इमारत मात्र खचत जाते.

त्यात आपल्या हिशेबाची रीत भर घालते. आदर्श उपविधींनुसार सभासदाने दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम द्यावयाची असते. आता समजा, १९८५ साली बांधलेल्या इमारतीत एका सदनिकेच्या बांधकामाचा खर्च ८० हजार रुपये होता. तर दुरुस्ती निधीची वर्गणी वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५० रुपये झाली. सिंकिंग फंडाची वर्षाला २०० रुपये. चोवीस बिऱ्हाडांची दोन्ही मिळून वर्षाची जमा १९ हजार २०० रुपये! एवढ्यात गच्चीचे जलरोधक काम तर सोडाच, बाहेरून परांची बांधण्याचाही खर्च निघणार नाही. सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी आजच्या भावाने द्यावयाची, आणि वर्गणी मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीवर आकारावयाची, हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला हास्यास्पद वाटेल. सर्वसाधारण सभेला अधिक दर ठरविण्याचा अधिकार आहे. पण ‘किमान’ या शब्दाचा अर्थ बहुतेक सभांनी ‘कमाल’ असा करून घेतलेला आहे.

मुंबईकरांना हे नवीन नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, हे त्या काळी आवश्यकही होते. पण चाळीच्या डागडुजीत मालकाला स्वारस्य उरले नाही आणि भाडेकरूला हक्क नव्हता. अखेर १९६९ साली दुरुस्ती उपकर आकारून ते काम एका मंडळाकडे सोपविण्याचा कायदा करावा लागला. भाडी अशी गोठविणे यापुढे समर्थनीय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले आणि १९९९ चा नवा कायदा आला. तोवर अर्धे शतक लोटले होते. उत्पन्न जुन्या भावाने व खर्च नव्या भावाने अशी स्थिती ठेवली की वास्तू पडतेच, मग तिचा मालक सावकार असो की सहकारी संस्था, हाच त्या इतिहासाचा धडा आहे.

शासनाची करनीतीही या अग्रक्रमाला अनुकूल नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत राहते घर घेण्यासाठी वा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर केवळ तीस हजारांपर्यंत. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी दोन्हीही नाहीत. म्हणजे नवे बांधणाऱ्याचे कौतुक आणि असलेले जपणाऱ्याची उपेक्षा हेच धोरण झाले. भरीस भर म्हणून पुनर्विकासाची आशा आहे. ‘उद्या बिल्डर येणार, मग आज गच्चीवर पैसा का घालवा?’ हा प्रश्न सभांतून विचारला जातो. परंतु बिल्डर येतो तो जमिनीच्या भावाकडे पाहून, रहिवाशांच्या अडचणीकडे पाहून नव्हे. जे गणित दादरला किंवा डेक्कन जिमखान्यावर जमते, ते अकोल्यास वा सांगलीस जमेलच असे नाही.

घराच्या बाह्यरूपाबाबतही तीच दृष्टी आढळते. बाहेरच्या भिंतीला गडद रंग, पश्चिमेच्या बाजूस मोठ्या काचा, सज्जा बंद करून वाढविलेली खोली, आणि मग या सर्वांनी आत कोंडलेली उष्णता बाहेर घालविण्यासाठी वातानुकूलन यंत्र! कोकणातील पडवी आणि देशावरच्या वाड्यातील चौक यांनी हेच काम विजेवाचून केले. ते दिवस परत आणावेत असे कोणी म्हणत नाही. पण त्यामागचे शास्त्र तरी विसरू नये. गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा चुना दिला तर खालच्या घरातील उकाडा कमी होतो. उष्णतेच्या लाटेला तोंड देण्याचा आराखडा २०१३ साली करणाऱ्या अहमदाबादने पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले, आणि तेलंगण राज्याने २०२३ साली शीत छपरांचे धोरणच जाहीर केले. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात हा उपाय अधिकच उपयोगी आहे. येथेही अडचण एकच: गच्ची सर्वांची आणि गारवा वरच्या मजल्याचा.

मग करावे काय? पहिली गोष्ट, वर्गणीचा आधार मूळ खर्च न ठेवता बांधकामाचा चालू खर्च हा ठेवावा, आणि ही सुधारणा उपविधींतच व्हावी. दुसरी गोष्ट, फेरफारास परवानगी देताना संस्थेने स्थापत्य अभियंत्याचा दाखला मागावा आणि नूतनीकरणाच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा, समजा शेकडा पाच, इमारतीच्या दुरुस्ती निधीत घ्यावा. चार लाखांचे काम करणाऱ्यास वीस हजार जड नाहीत. आणि इमारतच न उरल्यास त्याचे चार लाखही उरणार नाहीत. तिसरी गोष्ट, तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण मुंबईत कायद्याने आवश्यक आहे. ते सर्वत्र व्हावे आणि त्याचा अहवाल कपाटात न राहता सर्वसाधारण सभेत मराठीतून वाचला जावा. चौथी, दुरुस्ती निधीत भरलेल्या रकमेवर शासनाने करात सवलत द्यावी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींबाबत संस्थेला वर्गणीचा दर वाढवून आणि परवानगीच्या अटी घालून आजच आरंभ करता येईल. त्यासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही.

शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार यांनीच या संस्था उभ्या केल्या. पुंजी जोडून, एकमेकांना जामीन राहून त्यांनी डोक्यावर छप्पर आणले. त्या पिढीने दिवाणखान्यात लोखंडी खुर्च्या ठेवल्या, पण सभेला ती वेळेवर हजर राहिली. आज खुर्च्या बदलल्या आहेत आणि सभा गणसंख्येअभावी तहकूब होतात. यंदा घराला रंग देण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एकदा आपल्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन यावे, कोब्यावरच्या भेगा मोजाव्यात, आणि त्यांची संख्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाने घालण्याचा आग्रह धरावा.