निद्रा आणि स्थूल मूल

मूल अंगानें स्थूल दिसूं लागलें कीं आपण प्रथम त्याच्या ताटाकडे पाहतों. वडापाव बंद, आइस्क्रीम बंद, सकाळीं मैदानावर चार फेऱ्या! हें योग्यच आहे. परंतु तें मूल काल रात्रीं किती वाजतां निजलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं.

अंधेरींतील कित्येक घरांचा क्रम पाहा. वडील चर्चगेटहून येतात तेव्हां नऊ वाजून गेलेले असतात. जेवण दहाला, मग अभ्यास, मग मोबाइल. निजावयास अकरा होतात. पहांटे साडेपांचाला हांक, कारण शाळेची गाडी साडेसहाला दाराशीं येते. झोप झाली साडेसहा तास. अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या अकादमीनें २०१६ सालीं सांगितलेलें प्रमाण मात्र सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास व तेरा ते अठरा वर्षांच्यांस ८ ते १० तास असें आहे.

ही तूट शरीर मुकाट्यानें सोसत नाहीं. शिकागो येथें निरोगी तरुणांवर केलेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन रात्रीं चारच तास झोप मिळाल्यावर तृप्तीची सूचना देणारें लेप्टिन १८ टक्क्यांनीं घटलें व भूक चाळविणारें घ्रेलिन २८ टक्क्यांनीं वाढलें. तेथल्याच १९९९ च्या प्रयोगांत, सहा रात्रीं अशा अपुऱ्या झोपेनंतर रक्तांतील साखरेचा निचराहि मंदावला. हे तर प्रौढ, असें कोणी म्हणेल. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आठ ते अकरा वर्षांच्या ३७ मुलांस एक आठवडा दीड तास अधिक व एक आठवडा दीड तास कमी निजविलें होतें. अधिक झोपेच्या आठवड्यांत त्यांच्या खाण्यांत रोज सरासरी १३४ कॅलरी कमी भरल्या. अर्धा वडापाव म्हणा ना! आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानुसार भारतीय अर्भक वजनानें हलकें असूनहि चरबीचें प्रमाण अधिक घेऊनच जन्मतें. मधुमेहाकडे असा कल असलेल्या मुलांना ही तूट कशी परवडावी?

स्थूल मूल घोरूं लागलें तर ‘गाढ निजलें आहे’ असेंहि समजूं नये. श्वासमार्ग अरुंद होऊन श्वास अडतो, झोप वारंवार मोडते. मग तें वर्गांत पेंगतें आणि आळशी ठरतें. त्यास डॉक्टरांकडे न्यावें.

महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नवाच्या आधीं भरवूं नयेत असा निर्णय केला. आमच्या मतें तो स्तुत्य खरा, पण अर्धाच. वयांत येणाऱ्या मुलांचें शरीर स्वभावतःच उशिरां निजूं पाहतें. म्हणजे गरज वरच्या वर्गांस अधिक. एकाच इमारतींत दोन सत्रें भरविणाऱ्या शाळांना हें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु शाळेच्याहि आधीं, सहाला भरणारे ते क्लास तरी कशाला?

पालकहो, वडिलांसाठीं मुलांचें जेवण थांबवून ठेवणें ही मायेची रीत आहे. तथापि मुलांस आठलाच वाढावें, मोबाइल बाहेरच्या खोलींत ठेवावा, आणि वडिलांनीं घरीं आल्यावर त्यांस निजलेलें पाहावें. गप्पांस रविवार आहेच.