गाडीला ताप, थर्मामीटर मात्र सर्व्हिस सेंटरात

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या नव्या गाडीच्या सर्व्हिसिंगला तिच्यासोबत गेले होते. मेकॅनिकने सीटखालच्या कनेक्टरला स्कॅनर जोडला, गाडी चालू केली आणि स्क्रीनवर आकडे पळायला लागले. आरपीएम, बॅटरीचे व्होल्ट, थ्रॉटल किती टक्के उघडलाय, आणि या सगळ्यांच्या मधोमध इंजिनचं तापमान : ८७. गाडी एअर-कूल्ड. तिच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, दिवा नाही, काहीच नाही. मी विचारलं, "दादा, हा आकडा आम्हाला का नाही दिसत?" तो हसला. "तुम्हाला काय करायचाय तो, ताई?"

काय करायचाय, हे मी त्याला सांगू शकले असते. माझ्याकडे त्याची पावतीसुद्धा आहे, नऊ हजार चारशे रुपयांची.

सेकंड इयरला असताना मे महिन्यातल्या एका लाँग वीकेंडला मी पुण्याहून साताऱ्याला घरी निघाले होते. बाबांची जुनी १५० सीसी गाडी, मागे बांधलेली भलीमोठी बॅग, दुपारचा दीड. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला आणि मागे गाड्यांची रांग. पाऊण तास फर्स्ट गिअर, अर्धा क्लच, दहा फूट पुढे, पुन्हा ब्रेक. आधी न्यूट्रल सापडेना. मग पिकअप गेला. मग इंजिनमधून बारीक टकटक यायला लागली, कोणीतरी आत चमचा वाजवत असल्यासारखी. मला वाटलं, चढ आहे, होतं असं. शेवटच्या वळणाआधी गाडी एकदम आवळली गेल्यासारखी झाली आणि बंद पडली. किक जागची हलेना.

घाट उतरल्यावरच्या गॅरेजमध्ये टेम्पोतून गाडी नेली. मेकॅनिकने ऑइलची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली आणि मला दाखवली. पट्टीच्या टोकालाही तेल लागलेलं नव्हतं. ब्लॉक-पिस्टनचं काम निघालं. (तो हे सगळं माझ्याशी न बोलता टेम्पोवाल्या काकांशी बोलत होता, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) बाबा फोनवर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चावी दिली, पट्टी बघायला नाही शिकवलं."

चूक माझीच होती, हे मान्य. तेल बघायला हवं होतं. पण त्या पाऊण तासात गाडी मला तीन वेळा सांगत होती की ती तापली आहे, आणि मला ती भाषा येत नव्हती. एक लाल दिवा लागला असता तर मी कडेला थांबून उसाचा रस प्यायले असते. माझी तक्रार एवढीच आहे.

एअर-कूल्ड म्हणजे नावाप्रमाणे हवेने थंड होणारं इंजिन. सिलिंडरभोवती ज्या पातळ पट्ट्या दिसतात, त्या फिन्स. त्यांच्यामधून वारा गेला की उष्णता बाहेर. गोम अशी की वारा गाडी पळाली तरच मिळतो. सिग्नलला, जॅममध्ये, घाटात ट्रकमागे इंजिन उष्णता तयार करतंय आणि वारा शून्य. अशा वेळी भार येतो तो तेलावर. आपण तेलाला फक्त 'वंगण' समजतो. प्रत्यक्षात पिस्टन आणि हेडमधली उष्णता उचलून खाली आणायचं कामही तेच करतं. आणि १००-१५० सीसीच्या गाडीत तेल असतं किती? जेमतेम एक लिटर. त्यातलं पाव-अर्धा लिटर जळून किंवा गळून गेलं तर वंगणासोबत थंड करणारी यंत्रणाही तेवढीच गेली. बहुतेक मोटरसायकलींमध्ये क्लच आणि गिअरबॉक्सही त्याच तेलात असतात. म्हणून तेल तापून पातळ झालं की गिअर अडखळतो, न्यूट्रल सापडत नाही. घाटातला पहिला इशारा तोच होता.

आता गंमत बघा. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा ४० किंवा ३० हा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहतं, त्यावरून ठरतो. म्हणजे तेल बनवणाऱ्याने तापमान मोजलं, गाडी बनवणाऱ्याने मोजलं, आणि जो त्या गाडीवर बसून घाट चढतोय त्याच्याकडे मोजायला काय, तर तळहात! इंजिनवर थुंकून 'चर्र' झालं का बघणारेही मी पाहिलेत. अहो, थुंकी १०० अंशांच्या पुढे उडणारच. इंजिन ११० वर आहे की १६० वर, हे तिला कळत नाही आणि तुम्हालाही.

आकड्याने काय फरक पडतो? तेल खराब व्हायचा वेग तापमानासोबत सरळ रेषेत वाढत नाही. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होतं. म्हणजे १०० आणि १३० यांत तीस अंशांचाच फरक वाटतो, पण तेलाच्या आयुष्याच्या हिशेबात तो आठपट होतो. तीन हजार किलोमीटरला तेल बदलायचं की पाच हजारांना, यावर हॉस्टेलवर रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांनी आधी हे विचारावं की ते किलोमीटर एक्स्प्रेस रस्त्यावरचे होते की स्वारगेटच्या सिग्नलवरचे.

इंजिनाचं काम झाल्यावर मी चुलतभावाला पकडलं. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याच्या मल्टिमीटरला तापमान मोजणारी थर्मोकपलची वायर लागते. ती आम्ही इंजिनाच्या खालच्या भागाला, जिथे आत तेल साठतं तिथे, ॲल्युमिनियमच्या टेपने चिकटवली आणि मीटर टाकीवरच्या बॅगेत ठेवला. ऑक्टोबर हीटमध्ये आठवडाभर वही घेऊन फिरलो. कात्रजच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात आकडा ८० च्या आसपास स्थिर. संध्याकाळी स्वारगेटच्या गर्दीत पंचवीस मिनिटांत तो १०६ वर गेला आणि चढतच होता. हे बाहेरच्या धातूचं तापमान, आतलं तेल त्याहून थोडं गरमच असणार. आणि आकडे आमच्या एका म्हाताऱ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढे. रस्ता मोकळा झाल्यावर आकडा लगेच उतरला नाही. दहा-बारा मिनिटं सलग पळाल्यावर कुठे तो नव्वदीच्या खाली आला. सिलिंडरचं हेड मिनिटभरात तापतं आणि वारा लागला की पटकन उतरतं. तेल हळू चढतं, हळू उतरतं. हेड म्हणजे ब्रेकिंग न्यूज, तेल म्हणजे सेमिस्टरचा निकाल.

उलटी बाजूही तेव्हाच कळली. हॉस्टेल ते कॉलेज हे दोन किलोमीटर गेल्यावर आकडा पन्नाशीही गाठत नव्हता. तेल नीट तापलंच नाही तर आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही. हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसतो तो त्याचाच. म्हणजे 'माझी गाडी तर रोज फक्त कॉलेजला जाते, तिला काय होतंय' हेही तितकंसं खरं नाही.

ज्यांना स्वतः मोजून बघायचंय त्यांच्यासाठी एक सूचना. लेझरचा ठिपका पडणारी इन्फ्रारेड बंदूक हल्ली सहज मिळते, पण ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर खरं असतं त्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते. मॅट काळ्या रंगाच्या भागावर धरा. आणि तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतू नका, कितीही मोह झाला तरी. तापलेल्या धातूला असा अचानक झटका सोसत नाही. गाडी बंद करा आणि सावलीत उभी करा.

आता मूळ मुद्द्यावर येते. 'एवढ्याशा गाडीला कशाला हवेत चोचले, खर्च वाढेल' हे उत्तर दहा वर्षांपूर्वी पटलं असतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, गरम इंजिनाला कमी. ते ठरवायला इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला तापमान कळावंच लागतं, म्हणून हेडमध्ये किंवा तेलात सेन्सर बसवलेला असतो. एप्रिल २०२३ पासून दुचाकींना ओबीडी-२ सुद्धा आलं, म्हणजे गाडी स्वतःची तपासणी स्वतः करते. सेन्सरचे पैसे तुम्ही गाडी घेतानाच भरले आहेत. आकडा दर सेकंदाला तयार होतोय. फक्त तो तुमच्यापर्यंत येत नाही. त्याच डॅशबोर्डवर ब्लूटूथने आईचा मिस्ड कॉल दिसतो, मेसेज आल्याचं कळतं, तेही गाडी चालवताना! लिक्विड-कूल्ड गाड्यांना कूलंटच्या तापमानाची पट्टी किंवा दिवा असतो. मी चालवलेल्या आणि मित्रमैत्रिणींच्या बघितलेल्या एअर-कूल्ड गाड्यांपैकी एकीवरही नव्हता.

'आकडा बघून लोक उगाच घाबरतील' असंही एकाने मला सांगितलं. थोडं तथ्य आहे. स्वारगेटला १०६ बघून मीही पहिल्या दिवशी घाबरले होते, तिसऱ्या दिवशी सवय झाली. आणि लाखो एअर-कूल्ड गाड्या विदर्भातल्या ४५ अंशांतही काट्याशिवाय वर्षानुवर्षं चालतात, हेही खरंच आहे. पण विमानाचं उदाहरण घ्या. पायलट होऊ घातलेली आपल्याच वयाची मुलंमुली ज्या सेसना १७२ वर शिकतात, तिचं लायकमिंगचं इंजिनही एअर-कूल्डच असतं. तिथे तेलाच्या तापमानाचा काटा समोर असतो आणि त्यावर लाल रेघ २४५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ११८ सेल्सिअसला. मोटरसायकलला तोच आकडा लावा असं मी म्हणत नाही, इंजिन वेगळं, तेल वेगळं. पण त्या विद्यार्थ्यांना कोणी 'तुम्हाला काय करायचाय तो' असं विचारत नाही. आम्हाला काटा नको असेल तर नका देऊ. कंपनीनेच आपली मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडली की एक दिवा लावावा. बाकी आमचं आम्ही बघू.

तोपर्यंत मैत्रिणीने तिच्या गाडीच्या कनेक्टरला जोडायचा ओबीडी डोंगल मागवलाय. मोबाइलवर इंजिनचं तापमान दिसेल, असं त्याच्या खोक्यावर लिहिलंय. वॉरंटीचं काय, हे ती सर्व्हिस सेंटरला विचारून घेणार आहे. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाणार आहोत, तिचा मोबाइल आणि माझी टेपने चिकटवलेली वायर घेऊन. निघायच्या आधी दोन्ही गाड्या मेन स्टँडवर उभ्या करून तेल बघायचंय. पट्टी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं. तिच्या गाडीचं मॅन्युअल शोधायचं काम अजून बाकी आहे.