पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट करावा?

दुकानाचा हिशेब, जीएसटीची कागदपत्रे, लग्नाचे चित्रीकरण, सारे आता पेनड्राइव्हवर असते. मात्र फॉरमॅट करताना पडद्यावर येणाऱ्या फॅट-३२, एनटीएफएस आणि एक्सफॅट या नावांकडे आपले व्यापारी बांधव लक्षच देत नाहीत. आधीपासून निवडलेले असेल त्यावर बटण दाबून मोकळे होतात. आमच्या मते ही बेपर्वाई महागात पडते.

फॅट-३२ जवळपास सर्वत्र चालते, पण तिच्यात ४ जीबीची एक सलग फाइल मावत नाही. ३२ जीबीचा ड्राइव्ह रिकामा असूनही लग्नाची लांबलचक फिल्म उतरत नाही आणि ग्राहक दुकानदाराशी हुज्जत घालतो! एनटीएफएसमध्ये अचानक वीज गेली तरी फाइलींची नोंदवही सावरण्याची सोय आहे. पण ॲपलच्या मॅकवर ती वेगळ्या सॉफ्टवेअरविना नुसती वाचता येते, लिहिता येत नाही.

म्हणून देवाणघेवाणीचा ड्राइव्ह एक्सफॅटच असावा. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ती फ्लॅश साठवणुकीसाठीच आणली आणि २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला; लिनक्सनेही मग ती स्वीकारली. नोंदवही सावरण्याची सोय मात्र तिच्यात नाही. तेव्हा ‘सेफली रिमूव्ह’ न करता ड्राइव्ह उपटणे म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाणे.

जुन्या यंत्रांसाठी फॅट-३२ ठेवावी. हिशेबाची प्रत विंडोजच्याच संगणकापाशी राहणार असेल तर एनटीएफएस बरी. फॉरमॅटपूर्वी आतला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा, कारण पद्धत बदलताना सारे पुसले जाते.