पोथी, फाइल आणि यादी

साहित्याच्या अभ्यासात यादीला आपण फार खालची जागा देतो. समीक्षा विचारवंताची, संपादन पंडिताचे आणि यादी कारकुनाची, अशी एक अलिखित वर्णव्यवस्था आपल्या विद्यापीठांत रुजलेली आहे. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वाचून १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठीचा अभ्यास पाऊलभरही पुढे सरकत नाही, तरी सूचिकार म्हणून दात्यांचे नाव किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? पोथ्यांची छायाचित्रे आता संगणकावर साठू लागली आहेत. अशा वेळी ही उपेक्षा महागात पडेल, असे आम्हांस वाटते.

बीड जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. पोथीच्या प्राचीनतेविषयी त्यांनी केलेले दावे सर्वांना मान्य झाले नाहीत. ते तपासण्याचा मार्गही उरला नाही, कारण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. तरी छापील प्रत हाती असल्यामुळे काय गमावले एवढे तरी आपण सांगू शकतो. संगणकावरील फोल्डरातून उद्या बारा पाने नाहीशी झाली, तर ती होती हे कोण सांगेल? सांगेल ती यादीच. मात्र ती आधी कोणीतरी करून ठेवलेली असली पाहिजे.

ही यादी करण्याची सोय संगणकात पहिल्यापासून आहे. युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘एलएस’ ही आज्ञा आढळते. ‘लिस्ट’ या शब्दाचे ते आखूड रूप. विंडोजच्या काळ्या खिडकीत हेच काम ‘डीआयआर’ करते. आज्ञा टंकावी आणि फोल्डरात काय काय आहे ते ओळीने पाहावे, इतकेच. ‘एलएस’ला मोठ्या लिपीतला ‘आर’ जोडला, तर पोटफोल्डरांतील फाइलीही उलगडतात. कोणी म्हणेल, माऊसने फोल्डर उघडला तरी हेच दिसते. दिसते खरे, पण खिडकी मिटली की ते दृश्यही मिटते. आज्ञेतून निघालेली यादी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून ठेवता येते, छापता येते, आणि पाच वर्षांनी नवी यादी काढून जुनीशी ओळ-ओळ ताडून पाहता येते. पाठचिकित्सेत आपण दोन प्रती शेजारी ठेवतो, त्याच जातीचे हे काम.

मात्र यादी निर्दोष आरसा नव्हे. दासोपंतांची (१५५१–१६१५) आंबेजोगाईची पासोडी घ्या. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर ‘पंचीकरण’ लिहिलेले आहे. कापड सलग असल्यामुळे क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही. समजा, त्याची पन्नास छायाचित्रे घेऊन त्यांना ‘पासोडी१’, ‘पासोडी२’ अशी नावे दिली. ‘एलएस’ आपणहून नावांचा क्रम अक्षराअक्षराने लावते, अंकांचे मूल्य पाहत नाही. त्यामुळे यादीत ‘पासोडी१’नंतर ‘पासोडी१०’ आणि ‘पासोडी११’ येतात. ‘पासोडी२’ला ‘पासोडी१९’ संपेपर्यंत थांबावे लागते. दासोपंतांनी सलग विणलेला विचार असा तुकड्यातुकड्यांनी उलटसुलट होतो. उपाय साधा आहे: ‘पासोडी०१’, ‘पासोडी०२’ असे आरंभी शून्य घालावे. सुट्या पानांच्या पोथीत लेखक पत्रांक घालतो तो याच भीतीपोटी.

मराठीचे म्हणून काही वेगळे पेचही आहेत. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो; युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या पाठोपाठ बसतो. यंत्राने निव्वळ हे क्रमांक पाहून यादी लावली, तर ‘काळ’ हा ‘कावड’ आणि ‘काहूर’ या दोहोंच्या आधी येतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द त्याहून फसवा. त्यातील जोडाक्षर कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून साधतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न नावे. यादीत एकच नाव दोनदा दिसले म्हणून कोणी उत्साहाने त्यांपैकी एक फाइल पुसली, तर कदाचित एकमेव प्रतच नाहीशी होईल. पाठभेद डोळ्यांना दिसतो हे आपले गृहीतक येथे लुळे पडते.

नावांचे वैविध्यही तसेच. अंबाजोगाई, अंबेजोगाई, आंबेजोगाई आणि निजामी राजवटीतील मोमिनाबाद हे एकच गाव. पण चार जणांनी चार नावांनी फोल्डर केले, तर यादीत त्या गावाची चार गावे होतात. ती एक आहेत हे आज्ञा सांगणार नाही. ते सांगण्यासाठी मराठवाड्याचा इतिहास जाणणारा वाचक लागतो.

म्हणूनच हे काम तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. यंत्र ओळी काढून देईल. त्या ओळींत काय चुकले आणि काय राहिले, हे मराठीच्या अभ्यासकालाच उमगेल. हस्तलिखितांचा अभ्यास शिकवणाऱ्या प्रत्येक विभागाने एका तासिकेत काळी खिडकी उघडून विद्यार्थ्यांना अशी यादी काढायला आणि वाचायला शिकवावे. छायाचित्रांच्या प्रत्येक संचासोबत दिनांकासह एक यादी ठेवावी, तिची एक छापील प्रत कपाटात असावी आणि दरवर्षी ती नव्या यादीशी ताडून पाहावी. यासाठी ना अनुदान लागते, ना समिती. पाटांगणच्या पोथीचे जे झाले ते आता आपल्या हाती नाही. फोल्डरांतील पोथ्यांचे अजून आहे.